अर्ध्या तासाची तहकुबी

देवाने सृष्टी निर्माण केली त्या दिवशी आमचे बेलिफकाका तिथे हजर असते, तर सृष्टीचं काम निदान पंधरा दिवस लांबलं असतं. 'ठराव कुठंय? सूचक कोन? अनुमोदक कोन?' असं त्यांनी देवाला विचारलं असतं, आणि देव एकटाच आहे म्हटल्यावर गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करून ते झाडाखाली जाऊन बसले असते. एवढा नियमाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नव्हती. बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि त्यातली बहुतेक त्यांच्यावर चिडण्यात घालवली. आता चिडावं असं कुणी समोर नाही, आणि सभेच्या दिवशी दुपारी माझ्या औषधांच्या दुकानात बसलो की जीव नुसता त्यांच्यासाठी कासावीस होतो.

आमची संस्था म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. कोल्हारात हमरस्त्यापासून थोडं आत दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीसमोर चिंच आणि चिंचेला बांधलेला कट्टा. खोल्यांत चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, पाण्याच्या गाद्या आणि डोक्याकडून वर उचलणारे दोन लोखंडी पलंग. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळेल त्याने यायचं, लागेल ते न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. भाडं नाही, अनामत नाही. सुरुवातीला हे काम तीन-चार जण असंच तोंडी करत होते. ऊसवाले अण्णा, मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर आणि बेलिफकाका. संस्था नोंदवायची टूम काकांची. अण्णा म्हणाले, "आवो, देतोच की आपुन खुर्च्या. कोन इचारतंय?" त्यावर काका म्हणाले, "आज न्हाई इचारत. उद्या तुमी मेल्यावर ह्या खुर्च्या कुनाच्या? तुमच्या पोराच्या. परवा त्याच्या मेव्हण्याच्या. अण्णा, संस्था म्हंजी मालक नसलेली वस्तू. मालक न्हाई म्हनून तर तिला नियम लागतो." अण्णांना स्वतःच्या मरणाचा उल्लेख फारसा आवडला नाही, पण मुद्दा पटला. मग काकांनी एकट्याने घटना लिहिली, नगरला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत खेटे घातले, सात विश्वस्तांची नावं नोंदवली आणि नोंदणीचं प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीवर लावलं. अण्णा अध्यक्ष झाले. काका चिटणीस झाले, म्हणजे खरा राज्यकारभार त्यांच्याकडे आला.

काका तालुक्याच्या कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. समन्स, नोटिसा लोकांच्या हातात नेऊन द्यायच्या, पोहोच म्हणून सही घ्यायची आणि माणूस दार उघडेना तर दोन पंचांसमक्ष कागद दारावर डकवून यायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. निवृत्तीनंतर कोर्ट सुटलं, धंदा सुटला नाही. आमच्या सभेची नोटीस पंधरा दिवस आधी निघायची आणि ती मोबाईलवर पाठवलेली त्यांना चालायची नाही. सायकलवरून ते स्वतः यायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं तर बाजूला उभे राहायचे आणि माझे हात मोकळे झाले की म्हणायचे, "मेडिकलवाले, सही करा. तारीख घाला. वेळ बी घाला." बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. एकदा मी कंटाळून आतल्या खोलीत लपलो आणि पोरीला सांगायला लावलं की बाबा बाहेरगावी गेलेत. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघतो तर दुकानाच्या शटरवर नोटीस डकवलेली, खाली पंच म्हणून शेजारच्या न्हाव्याची आणि न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची सही. पुढे आठवडाभर प्रत्येक माणूस डोकेदुखीची गोळी घेता घेता मला हळूच विचारत होता, "जप्ती आली का काय?"

सभा चारची. घटनेप्रमाणे सातांत पाच जण हजर असले तरच सभा भरते, आणि आमच्याकडे चार वाजता पाच जण कधी जमले नाहीत. काका आणि सिस्टर वेळेवर, मी धावतपळत, अण्णा उसाला पाणी सोडून आले तर आले. बाकीचे तिघे आसपासच्या गावचे. त्यांच्या वेळा त्यांनाच माहीत. बरोबर चारला काका ओसरीवर उभे राहायचे आणि कोर्टात करतात तसा पुकारा करायचे. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तीन-तीन वेळा, आणि जो ज्या गावचा त्या दिशेला तोंड करून. लोणीच्या प्राध्यापकांसाठी पश्चिमेला वळायचे. शेवटी स्वतःचं नाव घ्यायचे आणि स्वतःच म्हणायचे, "हजर." मग जाहीर करायचे, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब." कारण घटनेतच सोय आहे की अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सभा भरवावी आणि त्या सभेला गणपूर्तीची गरज नाही.

अण्णा दर वेळी वैतागायचे. "आरं बाबा, चार डोकी हायती. बसा की आत. अर्ध्या तासानं काय पाचवं डोस्कं फुटनार हाय का?"

"घटना हाय ही अण्णा, लग्नपत्रिका न्हाई, की वेळ गेल्यावर बी अक्षता टाकल्या."

असं म्हणून काका चिंचेखालच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, आणि त्यांच्यामागून आम्ही. मग सिस्टरच्या थर्मासातून चहा निघायचा. त्या अर्ध्या तासात काका वेगळेच असायचे. वॉरंट घेऊन गेलेल्या घरी लग्नाची पंगत कशी बसली होती आणि नवरदेवाच्या बापाची सही कशी बुंदी वाढता वाढता घेतली, ते सांगायचे. सिस्टर वॉर्डातल्या गमती सांगायच्या. कुणाचा पलंग परत आला, कोण बरं झालं, कोण गेलं, हे सगळं तिथेच कळायचं. गेलेल्या माणसाची खुर्ची परत आली की काका ती स्वतः पुसायचे. साडेचारला मात्र गोष्ट अर्धी असली तरी तोडून उठायचे. पुढची गोष्ट तीन महिन्यांनी.

या संस्थेत मी आलो तोच एका कलमामुळे. रजेचा अर्ज न देता जो विश्वस्त लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहील, त्याचं पद आपोआप रिकामं होईल, असं कलम काकांनी घातलं होतं. त्याचा पहिला बळी ठरला काकांचा सख्खा मेव्हणा. ते श्रीगोंद्याचे, पहिल्या सात विश्वस्तांतले. ऊसतोडीच्या हंगामात अडकले आणि तीन सभा बुडल्या. काका एसटीने श्रीगोंद्याला गेले. मेव्हण्याने आग्रह करकरून जेवू घातलं, वर शिकरण वाढली. काकांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं, हात धुतले, पिशवीतून पद रिकामं झाल्याचं पत्र काढलं आणि म्हणाले, "इथं सही करा." ही हकीकत मला खुद्द काकूंनी सांगितली. काकूंनी त्यानंतर तीन महिने नवऱ्याला बिनसाखरेचा चहा दिला. माझ्या भावाच्या उसाची साखर तुम्हाला नाही, असा त्याचा अर्थ. काकांनी तक्रार केली नाही. राग गेल्यावर काकू पुन्हा साखर घालायला लागल्या तेव्हा काकांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, "शिक्षा संपल्याचं लेखी काय मिळालं न्हाई." त्यानंतर ते आयुष्यभर बिनसाखरेचाच चहा प्यायले. सिस्टर त्यांच्यासाठी वेगळी छोटी बाटली आणायच्या. त्या मेव्हण्याच्या जागेवर माझी निवड झाली.

काकू गेल्या तेव्हा आम्हाला दुखवट्याचा ठराव करायचा होता. काका म्हणाले, विषयपत्रिकेत हा विषय नाही. मग अण्णांनी ऐनवेळचा विषय म्हणून अध्यक्षांच्या अधिकारात तो घेतला. काका दौत-टाक वापरावा तशा वळणदार अक्षरात स्वतःच इतिवृत्त लिहीत होते. सूचक सिस्टर, अनुमोदक मी. 'संस्थेच्या हितचिंतक' असं लिहून त्यांनी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. श्रीगोंद्याचं आडनाव लिहिताना पेन जरा थांबलं. "एकमताने मंजूर," एवढं त्यांनी मोठ्याने वाचलं आणि पुढच्या विषयाला हात घातला.

मग काका पडले. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. संस्थेत पाच वॉकर पडून होते, पण विश्वस्ताला संस्थेचा लाभ घेता येत नाही म्हणून त्यांनी माझ्या दुकानातून नवा विकत घेतला. कोल्हारच्या घरात एकटे कसे राहणार, म्हणून मुलगी त्यांना तिसगावला आपल्या घरी घेऊन गेली. इकडे घराला कुलूप लागलं, सायकल अण्णांच्या गोठ्यात गेली. चिटणिसाचं काम तात्पुरतं माझ्या गळ्यात पडलं. एक सभा झाली, दुसरी झाली, काकांची सही नाही, रजेचा अर्जही नाही. आता तिसरी सभा आली. कोर्ट सुटलेलं, काकू गेलेल्या, घर बंद. त्या माणसाला आता चिटणीसपण तेवढं उरलं होतं, आणि त्यांच्याच कलमाने तेही जाणार होतं, तेही माझ्या हातून.

अण्णा म्हणाले, "तिसरी सभाच न्हाई घ्यायची. काय फाशी देत्यात का?" मला ते एकदम पटलं. पण सभेला पंधरा दिवस राहिले त्या सकाळी फोन आला. "मेडिकलवाले, नोटीस निघाली का? मला मिळाली न्हाई. मी अजून विश्वस्त हाय."

झक मारत नोटीस काढली आणि ती घेऊन मीच तिसगावला गेलो. नगरला एसटी बदलली, करंजीचा घाट ओलांडला. खिशात दुसराही एक कागद होता, काकांच्या नावाने मी लिहिलेला रजेचा अर्ज. त्यांनी फक्त सही केली की पद वाचणार होतं. काका खाटेवर बसले होते, जवळ वॉकर. वाळले होते फार. मुलीने चहा आणला, मला साखरेचा, त्यांना बिनसाखरेचा. नोटिशीवर त्यांनी तारीख-वेळेसह सही केली. मग अर्ज वाचला, खिशातून लाल पेन काढून त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला.

"काका, एक सही. हात जोडतो."

"रजा परत येनारानं मागायची असती. मी परत येनार न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय. मग खोटं कशाला लिहू?"

"पुढच्या वेळी यालही, असं म्हणू या. कुणाचं काय जातंय?"

"माझ्या मेव्हण्याचं जातंय," काका म्हणाले. "तो काय मजा मारत न्हवता. उसाच्या फडात हुता. त्याला एक कायदा आन् मला एक? अहो, हिला वर जाऊन काय तोंड दाखवू? ती म्हनंल, माझ्या भावाला काढलं आन् सवता बसले चिकटून."

मुलगी दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, "दादा, नका सांगू त्यांना. आईपुढं त्यांचं कधी चाललं न्हाई, आता तर मुळीच न्हाई चालायचं."

तिसऱ्या सभेच्या दिवशी एक नवल घडलं. चारला पाच मिनिटं कमी असताना काका सोडून सहाच्या सहा विश्वस्त ओसरीवर हजर. लोणीचे प्राध्यापकसुद्धा. बारा वर्षांत प्रथमच चारच्या आत गणपूर्तीपुरती माणसं जमली होती. मी टेबलावर हजेरीची वही उघडून ठेवली, वर पेन ठेवलं. सही झाली की माणूस हजर, पाच सह्या झाल्या की सभा सुरू, आणि सभा सुरू झाली की काका संपले. कुणी पेनाला हात लावेना. मी सिस्टरकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझे हात चहाने चिकट झालेत, वही खराब होईल." प्राध्यापक मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. अण्णा म्हणाले, "माजा चष्मा घरी राह्यला." मी स्वतःही पेन उचललं नाही. चार वाजले. वहीवर एकही सही नव्हती. मी ओसरीवर आलो आणि माझ्या पिचक्या आवाजात म्हणालो, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब."

सगळे कट्ट्यावर जाऊन बसलो. सिस्टरनी सवयीने बिनसाखरेची बाटलीही आणली होती. ती बाटली मी प्यायलो, आणि काका हे इतकी वर्षं कसं पीत होते कोण जाणे. गोष्ट कुणी सांगितली नाही. त्यांना आम्ही अर्धा तास देऊ शकत होतो, तेवढा दिला. साडेचारला आत गेलो, सह्या केल्या आणि पद रिकामं झाल्याची नोंद घेतली. त्याला मतदान लागत नाही, 'आपोआप' असा शब्द आहे. कुणाला कुणाविरुद्ध हात वर करावा लागू नये, ही सोय काकांनी कलम लिहितानाच करून ठेवली होती. हे मला त्या दिवशी कळलं, आणि बारा वर्षं चिडलो त्याची लाज वाटली.

नोंदीचं पत्र आणि इतिवृत्ताची प्रत घेऊन पुन्हा तिसगाव. काकांच्या रिवाजाप्रमाणे आधी जेवलो, मग पिशवीतून कागद काढले. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागले. मध्येच बोट थांबलं.

"हजर सहा लिवलंय. मग सभा साडेचारला कशी? तहकूब कशापायी केली?"

"चार वाजता एकही सही नव्हती, काका."

"मान्सं आली हुती न्हवं?"

"आली होती."

"अध्यक्ष सुदीक?"

"अण्णांचा चष्मा घरी राहिला होता."

काकांनी कागदावरून नजर वर केली. "अण्णाला चष्मा न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं. मी मान खाली घालून वाट बघत होतो. पेन कागदापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी टोपण लावून ते खिशात ठेवलं, माझं निळं पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'मिळाली.' तारीख घातली. वेळ घालायची राहिली. त्याची मी काही आठवण करून दिली नाही.

निघताना मी चपला घालत होतो तेव्हा आतून हाक आली. "मेडिकलवाले, तहकुबीचा अर्धा तास सभेत धरत न्हाईत. विश्वस्त नसलेला मानूस बी त्यात बसू शकतो. घटनेत मनाई न्हाई. मी बघितलंय."

नगरच्या कचेरीत मुदतीच्या आत चेंज रिपोर्ट देऊन काकांचं नाव कमी केलं. सातवी जागा भरायची आहे. तो विषय आम्ही दर सभेला पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवतो. गंमत म्हणजे आता सहाही जण पावणेचारलाच येतात. आल्यावर आत कुणी जात नाही. आम्ही कट्ट्यावर बसतो, मी मोबाईल मधोमध ठेवतो, आणि बरोबर चारला तिसगावहून पुकारा सुरू होतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तीन-तीन वेळा. आवाज आता पहिल्यासारखा खणखणीत राहिला नाही, दोन नावांच्या मध्ये दम लागतो. प्रत्येक जण शाळेतल्या मुलासारखा "हजर" म्हणतो. सहा नावं झाली की काका क्षणभर थांबतात. सातवं नाव घेत नाहीत. मग चहा, मग मागच्या वेळी अर्धी राहिलेली गोष्ट, कुणाचा पलंग परत आला, कोण गेलं. अण्णा मुद्दाम काहीतरी नियमाबाहेरचं सुचवतात आणि काकांच्या शिव्या खातात.

साडेचारला काका गोष्ट तोडतात. "चला, सभेची वेळ झाली. आता माझा संबंध न्हाई. ठेवतो," म्हणतात आणि फोन ठेवतात. कुणी लगेच उठत नाही. मग सिस्टर कप गोळा करतात, आम्ही आत जातो, एकेक करून सह्या करतो, आणि गणपूर्ती पूर्ण असल्याचं मी इतिवृत्तात लिहितो.